योनासकाकांचा रेडिओ

योनासकाकांची रेडिओ बंद करण्याची एक ठरलेली रीत होती. आधी आवाज अगदी खाली आणायचा, मग बँड बदलून काटा पुणे केंद्रावर न्यायचा, आणि मगच रेडिओ बंद करायचा. यातलं एखादं राहिलं तर ते रेडिओ पुन्हा चालू करून पहिल्यापासून बंद करीत. भिंगारला त्यांच्या घरात मी भाड्याने राहायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे माझ्या नजरेला पडलं. मला वाटलं, म्हातारपणाचा चाळा असेल.

माझं नुकतंच लग्न झालं होतं. हे कोपरगावला साखर कारखान्यात होते आणि माझी शाळा नगरला. योनासकाका आणि रुथमावशी या जोडप्याला मूलबाळ नव्हतं. त्यांनी पुढची खोली मला दिली, आणि संध्याकाळी एकटीनं बसायचं नाही असं मावशींनी बजावलं. त्यामुळे दिवेलागणीनंतर मी त्यांच्या मधल्या खोलीत वह्या तपासत बसायची.

काका साठीच्या घरात आलेले. अंगानं काटकुळे, कान मोठाले, आणि डोळे सतत दाराकडे. कुठंही बसले तरी पाठ भिंतीला लावून बसायचे. चर्चमध्येसुद्धा शेवटच्या बाकावर. स्वयंपाकघरात डबा पडला की उभे राहायचे आणि काही क्षण तसेच थांबायचे. मावशी आतून म्हणायच्या, "अहो, डाळीचा डबा होता," तेव्हा कुठं बसायचे. इतका घाबरट माणूस मी आधी पाहिला नव्हता. पण त्या घाबरण्याची थट्टा करावी असं कधी वाटलं नाही. त्यांच्या घाबरण्यात काहीतरी शिकून घेतल्यासारखं होतं.

ते कुठं शिकले, ते मावशींनी सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात काका फौजेत वायरलेसवर होते. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले आणि पुढं समुद्रापलीकडच्या छावणीत कैदी म्हणून राहिले. त्या छावणीत कुणीतरी चोरून एक रेडिओ जुळवला होता. तो ऐकायचं काम काकांकडे होतं. सापडला तर गोळी. आणि सापडलाच, तर काटा कुठल्या स्टेशनवर आहे ते पहारेकरी आधी बघतील, म्हणून ऐकून झालं की काटा दुसरीकडे नेऊन ठेवायचा.

"तो काटा चुगली करतो, बाई," काका एकदा मला म्हणाले. ते मला 'बाई' म्हणायचे, शाळेतल्या पोरांसारखं.

त्यांचा आताचा रेडिओ बोटीवर नोकरी करणाऱ्या भाच्यानं आणून दिला होता. जेवणाच्या डब्याएवढा, चामडी खोळीतला, खांद्याला अडकवून कुठंही नेता येईल असा. समोर काचेची पट्टी आणि तिच्यामागे लाल काटा. पट्टीवर एकाखाली एक ओळी, त्यांवर मुंगीएवढे आकडे, आणि आकड्यांच्या वर जगभरातल्या शहरांची नावं दाटीवाटीनं छापलेली. उजव्या अंगाला स्टेशन लावायचं चाक होतं, दोन आण्याच्या नाण्याएवढं. ते जरा हललं की काटा पाच-सहा देश ओलांडून जायचा.

काकांचा त्या पट्टीवर फार राग.

"बघा ना, पुणं-मुंबई लावायला हाताएवढी जागा दिलीय आणि शॉर्टवेव्हचं सगळं जग चार बोटांत कोंबलंय. दिसायला झकास. पण ज्यानं ही पट्टी आखली त्यानं अंधारात रेडिओ कधी लावला नसणार."

म्हणून त्यांनी त्या बारक्या चाकावर बूटपॉलिशच्या डबीचं झाकण बसवलं होतं. चाक मोठं झाल्यामुळे हात बराच फिरला तरी काटा केसभरच सरकायचा. झाकणाच्या कडेला कानशीनं खाचा पाडलेल्या. कुठली खाच वर आली की कुठलं स्टेशन, हे फक्त त्यांच्या अंगठ्याला माहीत. पट्टीकडे ते बघतच नसत. रेडिओ मांडीवर घ्यायचे, तोंड दाराकडे करायचे, आणि अंगठा झाकणाच्या कडेवरून हळूहळू फिरायचा, आंधळ्यानं कुणाचा चेहरा चाचपावा तसा. त्या रेडिओला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. एकदा पुसायला म्हणून मी उचलला, तर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मग एकाहत्तरचा डिसेंबर आला आणि लढाई सुरू झाली.

नगर पडलं लष्कराचं गाव, त्यातून भिंगार छावणीला लागून. दिवस मावळला की ब्लॅकआउट. आम्ही काचांना काळा कागद चिकटवला, चुलीपुढे पत्रा आडवा धरला. रस्त्यानं काठी आपटत गस्तवाले फिरायचे आणि फटीतून उजेड दिसला की दार ठोकायचे. विमानाचा आवाज आला की मावशी माझा हात धरायच्या. तो हात गार पडलेला असायचा. माझाही असणार.

काकांच्या रेडिओत काटा दिसावा म्हणून बारीक दिवा होता, बटण दाबलं की लागणारा. पहिल्याच दिवशी काकांनी रेडिओ उघडून तो दिवा काढून टाकला. चुकून बोट लागलं तरी उजेड नको. त्यानंतर ते रोज अंधारात, डोक्यावरून घोंगडी घेऊन, रेडिओ कानाला लावून बसू लागले. आधी आपल्या बातम्या, आणि मग झाकण हळूहळू फिरायचं आणि पलीकडच्या देशाचं स्टेशन लागायचं. तिथं बातम्यांनंतर एक बाई हिंदीत नावं वाचायची. पकडलेल्या आपल्या शिपायांची. हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव.

"अहो, कुणी ऐकलं तर?" मावशी रोज विचारायच्या. "शत्रूचं स्टेशन लावतात म्हणून धरून नेतील."

"ही नावं आपल्याकडं पोहोचायला महिनोन्महिने लागतात, रुथ. माझं किती दिवसांनी पोहोचलं?"

 काकांचं नाव मुळी पोहोचलंच नव्हतं. ते मेले असं धरून त्यांच्या आईनं चर्चमध्ये प्रार्थना ठेवली होती. लढाई संपल्यावर काका जिवंत परत आले, पण म्हातारीचा विश्वास बसला नाही. "ती रोज सकाळी उठून माझ्या तोंडावरून हात फिरवायची," काकांनी मला सांगितलं. "मरेपर्यंत. मी घरात असताना माझीच वाट बघायची."

एका संध्याकाळी घोंगडीखालून काकांचा हात बाहेर आला आणि त्यांनी माझी बाही ओढली. मी डोकं आत घातलं. घोंगडीचा वास, बूटपॉलिशचा वास, आणि त्या अंधारात ती बाई बोलत होती. मागे कुठल्यातरी दुसऱ्या स्टेशनचं गाणं घुसत होतं. आवाज लाटेसारखा वर यायचा आणि बुडायचा.

"...सिपाही बबन..." आणि खरखर. काकांचा अंगठा केसभर हलला. "...गाँव काष्टी, ज़िला अहमदनगर."

बापाचं नाव आणि आडनाव त्या खरखरीत गेलं.

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं, आवाज खाली नेला, काटा पुण्यावर आणला, रेडिओ बंद केला. मग घोंगडी बाजूला करून म्हणाले, "काष्टी. काष्टीच म्हणाली ना?"

"हो, काष्टीच."



लढाई थांबली, दिवे लागले, आणि लगेचच्या बाजाराच्या दिवशी आम्ही एस.टी.नं काष्टीला गेलो. मला त्यांनी मुद्दाम बरोबर घेतलं. बाईमाणूस सोबत असलं की लोक दारातून हाकलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. बाजार भरला होता. एका चहाच्या पालात बसून काकांनी सहज विचारावं तसं विचारलं, "गावातला बबन पलटणीत आहे ना, कुणाचा तो?"

चहावाल्यानं वर बघितलं. "कंचा बबन? दोन हायत. एक किसनरावाचा, एक रामभाऊचा. दोगं संगंच भरती झालते, एकाच पलटणीत. दोगांच्याबी घरी तार आली. बेपत्ता हायत म्हनं."

काकांनी बशी खाली ठेवली.

"का वो? तुमी कोन? काय कळलं का?"

"काही नाही. मी जुना शिपाई. सहज विचारलं."

पण शेजारच्या दोघातिघांनी माना वळवल्या होत्या. बाजारात बातमी पसरायला वेळ लागत नाही. आम्ही उठून रस्त्याला लागतो तोच मेथीच्या जुड्या तशाच टाकून एक बाई धावत आली. डोक्यावरचा पदर घसरलेला. तिनं काकांचा कोट धरला. ती रामभाऊची बायको, पारूबाई.

"माझ्या बबनचं काय इचारत हुतासा? काय कळलंय तुमास्नी? सांगा की. वंगाळ आसलं तरी सांगा."

मला वाटलं, आता काका सांगणार. त्यांचे ओठ हललेही. पण ते म्हणाले, "काही कळलं नाही, बाई. कळलं की येईन."

बसमध्ये ते खिडकीशी अंग चोरून बसले. श्रीगोंदा मागं पडल्यावर मी विचारलं, एक नाव तरी आहे एवढं सांगायला काय हरकत होती?

"कुणाला सांगू? दोघांच्या आयांना सांगितलं तर एकीला मी खोटं सांगितलेलं असेल. खोटी बातमी एकदा मनात बसली की माणूस सुटत नाही, बाई. माझी आई सुटली नाही." मग म्हणाले, "बापाचं नाव ऐकलं पाहिजे. परत वाचतील. वाचतात ते."

त्यानंतर ते रोज कानाला रेडिओ लावून बसले, पण काष्टीचं नाव पुन्हा आलं नाही.

आलं ते वेगळंच. एका रविवारी दुपारी पोलिसांचा हवालदार सायकलवरून दारात उतरला. नगरचा कुणी म्हातारा काष्टीच्या बाजारात शिपायांची नावं विचारत फिरतो, अशी तक्रार गेली होती.  मावशींनी त्याला पाणी दिलं.

"रेडिओ हाय का घरात? लायसन बगू."

काकांनी रेडिओ ठेवायचं सरकारी लायसन काढून दिलं. हवालदारानं रेडिओ खोळीतून काढला, उलटापालटा केला.

"लांबची स्टेशनं लागत्यात यावर?"

"लागतात."

"तुमी कंचं ऐकता?"

 हवालदारानं उत्तराची वाट न बघता बटण फिरवलं. ते एक-दोन क्षण मला अजून आठवतात. मावशींनी डोळे मिटून घेतले होते. मग रेडिओतून पुणे केंद्रावरचा माणूस अगदी हळू आवाजात, कांद्यावरच्या करप्या रोगाला काय फवारावं ते सांगू लागला. हवालदारानं थोडं ऐकलं. त्याचीही कुठंतरी शेती असावी. मग त्याची नजर झाकणावर गेली.

"आन् ह्ये काय लावलंय?"

"हात कापतो माझा. बारीक चाक फिरवता येत नाही."

हवालदारानं झाकण पिळलं, ओढलं. ते निघून त्याच्या हातात आलं. त्यानं आतून-बाहेरून बघितलं आणि खाटेवर टाकलं. "बाजारात आसलं काय इचारत जाऊ नका, बाबा. दिवस वाईट हायत," एवढं म्हणून तो गेला. माणूस वाईट नव्हता.

तो गेल्यावर मावशी रडल्या. काका मात्र झाकण हातात घेऊन तसेच बसून होते. ते कसं बसलेलं होतं, कुठली खाच कुठं होती, ते आता सांगता येत नव्हतं. त्यांच्या अंगठ्याला पाठ झालेला रस्ताच पुसला गेला होता.

"बंद करा आता हे," मावशी म्हणाल्या. "पाया पडते तुमच्या. परत आले तर काटा पुण्यावर असेलच असं नाही."

"मलाही भीती वाटते, रुथ," एवढंच काका म्हणाले. संध्याकाळी मात्र त्यांनी दाराला कडी लावली आणि रेडिओ मांडीवर घेतला.

त्या संध्याकाळी स्टेशन वेळेवर सापडलं नाही. उजेड होता, चष्मा होता, मी जवळ बसून काचेवरचे आकडे वाचत होते, पण त्या मुंगीएवढ्या आकड्यांचा काही उपयोग नव्हता. दोन आकड्यांमधल्या बोटभर जागेत पंधरावीस स्टेशनं गर्दी करून होती. अरबी, रशियन, कुठली कुठली बोली, शिट्या, मोर्सचा टकटकाट. शेवटी ती बाई सापडली तेव्हा वाचून संपलं होतं. "बाकी नाम कल," असं म्हणाली आणि गाणं लागलं.

"आज वाचलं असेल," काका म्हणाले. त्यांनी तोंडावर हात घेतला. "आजच वाचलं असेल ते."

पुढच्या दिवशी मी शाळेतून आले तर काका सकाळपासून रेडिओशी बसलेले. दिवसा ते स्टेशन लागत नसे, म्हणून लागतील त्या दुसऱ्या स्टेशनांवरून अंदाज घेत त्यांनी झाकण पुन्हा बसवलं होतं आणि जुन्या खाचा बुजवून नव्या पाडल्या होत्या. अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. संध्याकाळी चिंधी सोडून त्यांनी उघड्या अंगठ्यानं झाकण फिरवलं, आणि ती बाई अगदी शेजारच्या खोलीत असावी तशी बोलली.

काष्टीचं नाव आलं ते त्यानंतर काही दिवसांनी. खरखर होतीच. पण या वेळी काकांचा अंगठा आधीच तयार होता, लाट बुडू लागली तसा तो सरकला आणि आवाज धरून ठेवला.

"सिपाही बबन, वल्द किसन, गाँव काष्टी."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण दोघांच्याही डोळ्यांपुढे मेथीच्या जुड्या टाकून धावत आलेली ती बाई उभी राहिली.

किसनराव आणि रामभाऊ यांची घरं एकाच आळीत, समोरासमोर. आम्ही किसनरावाच्या अंगणात गेलो तेव्हा पारूबाई आपल्या दारात उभी होती. तिनं आम्हाला ओळखलं. काकांनी किसनरावाला बाजूला घेऊन सांगितलं. तो आधी बघतच राहिला.

"खरं का? कुनी सांगितलं?"

"मी माझ्या कानांनी ऐकलं. तुमचं नाव घेऊन वाचलं."

किसनराव आत धावला, आणि घरातून बायकांचा रडण्याचा आवाज आला. त्या रडण्यावरून, बातमी चांगली की वाईट, ते समोरच्या दारात कळणं शक्य नव्हतं.

मला वाटलं, आता निघावं. पण काका आळी ओलांडून पलीकडे गेले. डोक्यावरची टोपी काढली. पारूबाईनं काहीच विचारलं नाही. नुसती बघत राहिली.

"तो किसनरावाचा बबन. धरलाय, जिवंत आहे," काका म्हणाले. "तुमच्या मुलाचं नाव अजून ऐकू आलं नाही. मी रोज ऐकतो."

 ती म्हणाली, "ऐकत ऱ्हावा, दादा."

काका ऐकत राहिले. उन्हाळा आला, नावं वाचणं कधीच बंद पडलं होतं, तरी ऐकत राहिले. त्या वर्षी पाऊस पडला नाही. रस्त्यांवर दुष्काळी कामं निघाली, नगरला पाण्याचे टँकर फिरू लागले. पारूबाई खडी फोडायच्या कामावर जायची. मधूनच एखादा काष्टीचा माणूस दारात यायचा आणि म्हणायचा, पारूबाईनं इचारलंय. काका मान हलवायचे. त्या माणसाला चहा पाजल्याशिवाय मात्र जाऊ देत नसत.

पुढच्या हिवाळ्यात कैद्यांची अदलाबदल झाली आणि किसनरावाचा बबन घरी आला. काही दिवसांनी तो भिंगारला आला, एकटाच. उंच, वाळलेला पोर, गणवेशाची पँट आणि वर घरचा सदरा. काकांच्या पाया पडला. मावशींनी दिलेलं खाणं त्यानं चिवडून ठेवलं. मग सांगितलं. दोघं एकाच खंदकात होते. रामभाऊचा बबन त्याच्या शेजारी पडला. यानं बघितला होता. पलटणीला सांगितलंय, सरकारी कागद कधीतरी येईल.

"घरी आल्यापास्नं त्याची आई रोज येती," तो म्हणाला. "शेजारी बसती. माझ्या त्वांडाकडं बगती. इचारत न्हाई. मला बोलवत न्हाई काका. रोज ठरवतो आन् त्वांड उगडत न्हाई. तुमी सांगा. तुमचं ती खरं मानती."

काका भिंतीला पाठ लावून बसले होते. मावशी म्हणाल्या, "तुम्ही कशाला? कागद येईल ना सरकारचा."

काका उठले आणि कोट घालू लागले. बटणं लागत नव्हती, ती मावशींनी लावून दिली.

माझी कोपरगावला बदली झाली होती आणि त्याच दिवशी मला निघायचं होतं, म्हणून आम्ही तिघं बरोबरच नगरच्या स्टँडवर आलो. काष्टीची बस आधी लागली. बबन पुढं चढला. काकांनी पायरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला. माझ्याकडे वळले.

"बाई, काय म्हणून सुरुवात करू?"

मी शिकलेली, मास्तरीण.  पण मी नुसता त्यांचा हात धरला. तो गार होता.

कंडक्टर ओरडला तसे ते वर चढले. बस जवळजवळ रिकामी होती. बबननं खिडकीशी जागा धरून त्यांना खुणावलं. पण काका बसले नाहीत. बस वळून रस्त्याला लागली, आणि धुळीत दिसेनाशी होईपर्यंत मला ते मागच्या काचेतून दिसत होते, पाठ कुठंही न टेकता, वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभे.